खेळातून शिक्षण : घोषणा आणि पुरावा

‘खेळातून शिक्षण’ हे शब्द नाहीत असा बालशिक्षणावरचा सरकारी कागद आज सापडणे कठीण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून वेगळा मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्याने खेळाला या वयातील शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा संच आला. त्यात खेळणी, कोडी, चित्रतक्ते, गोष्टींची पुस्तके आणि कृतिपत्रिका आहेत.

या दिशेबद्दल आमचा वाद नाही. चार वर्षांच्या मुलाला मांडी घालून पाटीवर शंभरपर्यंत अंक गिरवायला लावण्यापेक्षा त्याला खेळू द्यावे, हे कोणत्याही समंजस माणसाला पटेल. पण एखादी गोष्ट सर्वांना एकाच वेळी पटू लागली, की ती तपासून पाहण्याची गरज वाढते. म्हणून आम्ही येथे तीन प्रश्न घेत आहोत. खेळ म्हणजे नेमके काय? खेळाने मूल शिकते याला पुरावा काय? आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या पाड्यांवर, जिथे खेळ भरपूर आहे पण शिक्षण तोकडे पडते, तिथे या घोषणेचा अर्थ काय?

खेळ कशाला म्हणावे?

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट यांनी २००५ मध्ये खेळ ओळखण्याच्या पाच कसोट्या मांडल्या. त्या थोडक्यात अशा. एक, त्या क्षणी त्या कृतीचा जगण्यासाठी पुरता उपयोग नसतो. दोन, ती आपखुशीने, कृतीच्याच आनंदासाठी होते. तीन, खऱ्या कामातील कृतीपेक्षा ती वेगळी असते. अपुरी, अतिशयोक्त किंवा भलत्याच वयात केलेली. चार, ती पुन्हा पुन्हा होते, पण यंत्रासारखी नव्हे. पाच, प्राणी पोट भरलेला, निरोगी आणि निर्धास्त असताना ती होते.

या कसोट्या कुत्र्याच्या पिल्लापासून माणसाच्या मुलापर्यंत लावता येतात. आपल्या वर्गालाही त्या लावून पाहू. बाई फळ्यावर अंक लिहितात, मुले गोल करून उभी राहतात, बाईंनी सांगितलेल्या अंकावर उडी मारतात, चुकलेले मूल बाद होते. कार्यक्रमपत्रिकेत याची नोंद ‘खेळ’ अशी होते. मुलांना त्यात मजाही येत असेल. पण कोणता अंक, कधी उडी, कोण बाद, हे सारे बाई ठरवतात. दुसऱ्या कसोटीवर हा खेळ निम्माच उतरतो. तो गमतीदार पाठ आहे. पाठ गमतीदार असण्यात काहीच गैर नाही. मात्र पाठाला खेळ म्हटले की खऱ्या खेळाला वेळापत्रकात जागा उरत नाही, कारण ‘खेळ झाला’ अशी नोंद आधीच झालेली असते.

आता विटीदांडू पाहा. गल कुठे खणायची, विटी केवढी घ्यायची, दांडूने अंतर कोणी मोजायचे, वादाचा निवाडा कसा करायचा, हे सगळे मुलेच ठरवतात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी या खेळात ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी मोजणी चाले. हे शब्द तेलुगूतील एक, दोन, तीन, चार या आकड्यांशी जुळतात. कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या मदतीशिवाय ते मुलांच्या तोंडी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आले. मोजमाप, अंदाज, नियम आणि त्यावरची तक्रार हे सारे या खेळात आहे, आणि यातील काहीही शिकवण्यासाठी तो खेळला जात नाही.

२०२२ च्या आराखड्याला हा फरक माहीत आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्याने मुक्त खेळ, मार्गदर्शित खेळ आणि रचलेला खेळ असे तीन प्रकार केले आहेत. पहिल्यात सूत्रे मुलाच्या हाती असतात, दुसऱ्यात मूल पुढे असते आणि शिक्षक साथ देतो, तिसऱ्यात शिक्षक पुढे असतो. ही विभागणी उपयुक्त आहे. आमची तक्रार पुढची आहे. त्याच आराखड्यात उद्दिष्टे, क्षमता आणि अध्ययन निष्पत्ती यांचे लांबलचक तक्ते आहेत. तक्ते वरून खाली अंगणवाडीपर्यंत पोचता पोचता प्रत्येक खेळाला ‘यातून कोणती निष्पत्ती साधली?’ हा प्रश्न चिकटतो. रचलेल्या खेळाला त्याचे उत्तर सहज देता येते, मुक्त खेळाला देता येत नाही. ज्याची नोंद करता येते तेच टिकते. त्यामुळे तीन प्रकारांपैकी प्रत्यक्षात एकच शिल्लक राहण्याचा धोका आहे.

खेळाने बुद्धी वाढते काय?

खेळ ही पुढच्या आयुष्याची रंगीत तालीम आहे, असे कार्ल ग्रूस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडले. मांजराचे पिल्लू दोऱ्याच्या गुंड्यावर झडप घालते ते उद्याच्या शिकारीसाठी, असा हा विचार. तो इतका सुटसुटीत आहे की तपासण्याची गरजच कोणाला वाटत नव्हती. लिंडा शार्प यांनी आफ्रिकेतील कालाहारीत मीरकॅट या मुंगसाच्या कुळातील प्राण्यांवर तो तपासला. लहानपणी खोटी भांडणे जास्त खेळलेली पिल्ले मोठेपणी खऱ्या भांडणात जास्त जिंकतात का? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर होते : नाही. याचा अर्थ खेळ निरुपयोगी आहे असा नव्हे. त्याचा उपयोग आपण समजतो तितका सरळ नाही, एवढाच.

माणसाच्या मुलांबाबतही असेच घडले. भातुकली, घर-घर, दुकान-दुकान अशा ‘लुटुपुटीच्या’ खेळाने सर्जनशीलता, भाषा, बुद्धी वाढते, असे सांगणारे प्रयोग १९७० च्या दशकापासून होत आले. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या साऱ्या संशोधनाचा आढावा घेतला. कल्पनेच्या खेळामुळेच हे बदल घडतात असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अनेक जुन्या प्रयोगांत एक साधी त्रुटी होती. कोणते मूल खेळाच्या गटातील आहे, हे परीक्षकाला आधीच ठाऊक असे. ते परीक्षकापासून लपवल्यावर काही प्रयोगांतील फरक नाहीसा झाला. शिवाय जास्त खेळणारी मुले जास्त बोलकी असतात म्हणून खेळाने मूल बोलके होते, असे म्हणता येत नाही. बोलकी मुलेच खेळात पुढे येत असतील. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला हा फरक आपण मुलांना शिकवतो; तो आपल्या आवडत्या मतांनाही लावला पाहिजे.

मग उरते काय? पुष्कळ उरते. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. चार करामती लपवलेले एक नवे खेळणे बालवाडीच्या वयाच्या मुलांना दिले. काही मुलांना मोठ्या माणसाने ‘हे असे चालते’ म्हणून एक करामत करून दाखवली, काहींना तसे शिकवले नाही. शिकवलेल्या मुलांनी ती एक करामत पटकन उचलली, पण उरलेल्या करामती शोधण्याचा त्यांचा प्रयत्न कमी पडला. शिक्षकाने दाखवले ते एवढेच असणार, असा मुलांचा तर्क होता, आणि तो चुकीचाही नाही. दाखवण्याने शिकणे नेमके होते, पण शोध आखडतो.

दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना त्रिकोण, चौकोन अशा आकारांची ओळख करून देण्याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला; तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सरळ शिकवले, दुसऱ्याला आकारांशी मोकळे खेळू दिले, तिसऱ्याला प्रश्न विचारत, सुचवत खेळू दिले. तिसरा गट सर्वांत पुढे गेला. नुसते मोकळे सोडलेले मूल त्रिकोणाच्या व्याख्येपर्यंत पोचले नाही. २०२२ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली. लहान वयातील गणित आणि आकारज्ञान यांत मार्गदर्शित खेळ सरळ शिकवण्यापेक्षा सरस ठरला. बाकी बऱ्याच बाबतींत दोन्ही सारखेच होते. घोषणेपेक्षा हा दावा लहान आहे, पण भरवशाचा आहे.

खेळ आणि पाटी यांच्यामधला पूल

आपल्या देशातील एक मोठा प्रयोग या बाबतीत शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावा. मॉइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतील २१४ बालवाड्यांत १५४० मुलांबरोबर चार महिने गणिती खेळ खेळवले. कोणत्या ढिगात ठिपके जास्त, कोणता आकार वेगळा, असे अंकांशिवायचे हे खेळ होते. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची संख्येची आणि आकाराची जाण चांगली सुधारली आणि ती सुधारणा टिकली. पण पुढे शाळेतील अंक, चिन्हे आणि गणिताची भाषा शिकताना या मुलांना त्याचा वेगळा फायदा झाला नाही. खेळात कमावलेले ज्ञान आपोआप पाटीवर उतरत नाही.

बाजारात काम करणाऱ्या मुलांबाबतही हेच दिसते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात नारळ आणि फळे विकणारी मुले गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना जवळजवळ सर्व हिशेब बरोबर करत. तीच गणिते कागदावर दिली की बरीच चुकत. तेरेझिन्हा नुनेस आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९८५ चा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतील मुलांचा असाच अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उलट बाजूही दिसली : शाळेत शिकणाऱ्या, बाजाराचा अनुभव नसलेल्या मुलांना बाजारातील साधे हिशेब जमेनात. माळशेजच्या रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदे-जांभळे विकणाऱ्या मुलांना पाहून ‘यांना हिशेब येतोच’ म्हणणारे आणि वर्गात त्यांनाच ‘यांना वजाबाकी येत नाही’ म्हणणारे, दोघेही अर्धेच खरे बोलतात.

पूल बांधायचा कसा? पाच खड्यांचा खेळ घेऊ. एक खडा वर उडवायचा आणि तो खाली येण्याआधी जमिनीवरचे चार खडे उचलायचे. पहिल्या फेरीत एकेक, दुसऱ्या फेरीत दोन-दोन, तिसरीत तीन आणि एक, चौथीत चारही एकदम. म्हणजे मुले रोज चारची फोड करत असतात : १+१+१+१, २+२, ३+१ आणि ४. चारची आणखी एक फोड आहे, ती या फेऱ्यांत येत नाही. शिक्षकाने खेळ संपल्यावर एवढेच विचारावे, “चार खडे उचलायची अजून एखादी रीत उरली आहे का?” कोणीतरी दोन, मग एक, मग एक उचलून दाखवील. नवी फेरी तयार झाली. आता या पाच रीती पाटीवर कशा लिहून ठेवायच्या, हा प्रश्न मुलांच्या दृष्टीने खरा प्रश्न होतो. अधिकची खूण तिथे कामाला येते. मग जमिनीवर पाच खडे ठेवले तर किती रीती होतील? (सात होतात, शिक्षकांनी आधी स्वतः करून पाहावे.) खेळ मुलांचा राहिला, चिन्हे शिक्षकाने दिली.

पावसाळ्यात ओहोळाला माती-दगडांचा बांध घालण्याचा खेळही असाच आहे. बांध कुठून फुटला? वरून पाणी सांडून, की खालून झिरपून? पुढच्या वेळी काय बदलायचे? असे दोन प्रश्न पुरतात. तिसरा विचारला की मुले उठून जातात, आणि तेव्हा आपण थांबावे.

निर्धास्त असण्याची अट

बर्गहार्ट यांची पाचवी कसोटी आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. पोट भरलेले असावे, आजार नसावा, भीती नसावी. मीरकॅटच्या पिल्लांना जास्तीचे अन्न दिले तेव्हा ती जास्त खेळू लागली, हे शार्प यांनीच २००२ मध्ये दाखवले होते. अन्न तुटपुंजे झाले की प्राणी खेळावरचा खर्च आधी कमी करतात. वर्गात कोपऱ्यात गप्प बसणारे मूल ‘शांत’ आहे असे आपण म्हणतो. ते उपाशी किंवा अशक्त असू शकते. न खेळणारे मूल दिसले तर प्रथम त्याचे वजन आणि जेवण पाहावे. पिटारा नंतर उघडावा.

शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात, डोळखांब, टोकावडे या भागांत, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्या आहेत. भातकापणी आणि दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. भट्टीवरही ती खेळतात. ओल्या मातीचे बैल तिथेही होतात. पण सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते आणि विटा उलटवण्याच्या कामात तिचेही हात लागतात. तिच्यासाठी ‘खेळातून शिक्षण’ याआधी ‘खेळायला वेळ’ हा प्रश्न आहे.

या प्रश्नाला जुन्या ठाणे जिल्ह्यात पूर्वी उत्तरे शोधली गेली आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पाहिले की पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत. मग त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हे आज देशभर रूढ झालेले नाव त्या प्रयोगातले. गुरे राखणारी मुले अंगणातही येईनात, तेव्हा त्यांच्यामागे कुरणात जाणारी ‘कुरणशाळा’ निघाली. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी खडे, बिया, शिंपले, पाने वापरली गेली. १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ भरल्या, त्याही याच जिल्ह्यात. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. साधन बदलले, जागा बदलली, वेळ बदलली. पण एक शिकलेले मोठे माणूस मुलांजवळ जाऊन बसले.

याला जगातून फार भक्कम आधार मिळाला आहे. जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८० च्या दशकात खुरटलेल्या १२९ बालकांबरोबर प्रयोग सुरू केला. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा प्रशिक्षित आरोग्यसेविका तासभर जाऊन आई आणि मूल यांच्याबरोबर खेळे, काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. खेळणी घरगुती, टाकाऊ वस्तूंची होती. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनंतर, ती मुले बाविशीची झाल्यावर, खेळाच्या भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ओडिशातील खेड्यांतही ही पद्धत वापरून पाहिली गेली. घरभेटी आणि आयांच्या गटांच्या बैठका, दोन्हींचा मुलांच्या बौद्धिक विकासाला फायदा झाला, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आरोग्यसेविकेच्या जागी आपली अंगणवाडी सेविका ठेवून पाहा. फरक एवढाच की तिच्याकडे आहार, लसीकरण, वजन, सर्वेक्षण आणि मोबाईलमधील नोंदी ही सारी कामे आहेत, आणि खेळायला उरलेला वेळ जवळपास शून्य.

आमचे म्हणणे

२०२२ चा आराखडा खेळाला मान देतो, हे चांगले आहे. पण त्याचा भर खेळाच्या वस्तूवर आणि निष्पत्तीवर पडतो. पुरावा सांगतो की फरक पडतो तो खेळणाऱ्या मुलाजवळ असलेल्या, वेळ असलेल्या माणसामुळे. संच पाठवणे सोपे असते. त्याची पोच घेता येते. माणसाचा वेळ मोकळा करणे अवघड असते. मोडतील, हरवतील, हिशेब द्यावा लागेल म्हणून कपाटात कुलूपबंद ठेवलेली खेळणी ही सेविकेची चूक नाही. तिला खेळणी ही जिंदगी म्हणून दिली गेली, साधन म्हणून नव्हे.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ‘आदिवासी मुले खेळातून, निसर्गातून शिकतातच’ असे कौतुकाने म्हणायचे आणि वाचन-लेखन-गणिताचा नेटाने केलेला पाठ शहरातील मुलांसाठी राखून ठेवायचा, असे होऊ शकते. पाड्यावरच्या मुलांना खेळ कोणी दान देण्याची गरज नाही, तो त्यांच्याकडे आहे. त्यांना हवा आहे तो खेळापासून अक्षरापर्यंतचा पूल, आणि तो बांधण्याची जबाबदारी शाळेची आहे.

शिक्षकांना आम्ही एक छोटे काम सुचवतो. महिनाभर रोज दहा मिनिटे मुलांचा मोकळा खेळ नुसता पाहावा. मध्ये पडू नये, शिकवू नये. खेळाचे नाव, किती मुले, नियम कोणी केले, भांडण कसे मिटले, कोण खेळात नव्हते आणि का, एवढे वहीत लिहावे. महिन्याच्या शेवटी त्यातील एकाच खेळावरून एकच पाठ तयार करावा. शहापूर-मुरबाडच्या शाळांतून अशा वह्या तयार झाल्या आणि त्यांतील नोंदी या मासिकाकडे आल्या, तर या भागातील मुले काय खेळतात हे आपल्याला प्रथमच नीट कळेल. त्यानंतर पिटाऱ्यात काय असावे, हे त्या नोंदींवरून ठरवता येईल.